चौथा कप्पा कोणाचा

जळगावला पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत मला 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणतात. त्यात आदर कमी आणि सोय जास्त आहे. कोणाचा प्रिंटर कागद चावतो, कोणाच्या नातवाचा ऑनलाइन फॉर्म अडकतो, कोणाच्या मोबाइलमध्ये देवाचे फोटो मावेनासे होतात, की माणूस माझ्या फाटकाशी हजर. समोरचे नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. ते एकदा टीव्हीचा रिमोट घेऊन आले. मी म्हटलं, "नाना, मी कंपायलर दुरुस्त करते." नानांनी रिमोट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा तर त्याच्याहून लहान असेल." रिमोटमध्ये सेल उलटे बसवले होते, ते मी सुलटे केले. नानांनी त्या दिवशी केलं तेवढं कौतुक मला सबंध नोकरीत कोणी केलं नाही.

नोकरी पुण्यात झाली. नंतर सासू-सासऱ्यांसाठी जळगावला आले आणि घरूनच काम करत राहिले. आता कागदोपत्री मी निवृत्त आहे. पण मी ज्या कंपायलरवर काम करते तो कोणा एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं तो मिळून सांभाळतात, कोणीही फुकट वापरतो आणि बिघडला की कोणीही शिव्या देतो. म्हणजे गल्लीतल्या गणेश मंडळासारखाच कारभार. मतं द्यायला शंभर जण, मांडव झाडायला दोन. मी त्या झाडणाऱ्यांतली.

कंपायलर म्हणजे काय, ते एकदाच सांगते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळत नाही. कंपायलर तो चिपच्या भाषेत उतरवून देतो. त्याचे आजार दोन प्रकारचे. एक, तो चुकीचं उतरवतो आणि साळसूदपणे गप्प बसतो. दुसरा, तो काम करता करता मध्येच मान टाकतो, ज्याला आम्ही क्रॅश म्हणतो. लोक क्रॅशला घाबरतात. मी पहिल्या प्रकाराला घाबरते, कारण ओरडत पडलेल्याला निदान उचलता येतं.

पावसाळा सरत आला होता तेव्हा जळगावातल्याच मेहरूणहून किशोर स्कूटरवर आला. लॅपटॉप पोटाशी धरलेला, चेहरा उतरलेला. दारातूनच म्हणाला, "शैलाताई, तुमचा कंपायलर पडला."

"माझा नाही, सगळ्यांचा आहे."

"चालत होता तोवर सगळ्यांचा. पडला म्हणून तुमच्याकडे आणला."

किशोर आणि त्याचा आतेभाऊ विलास, या दोघांचा मिळून एक छोटा कारखाना आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटरीला लावायची पेटी ते बनवतात. शेतकऱ्याने घरून फोन केला की पेटी मोटर चालू करते, लाईट गेली, विहिरीतलं पाणी संपलं, की बंद करते. विलास धुळ्याला एमआयडीसीत शेडमध्ये पेट्या तयार करतो आणि मोटरीकडचा प्रोग्राम लिहितो. किशोर मेहरूणला घराच्या वरच्या मजल्यावर बसून फोनकडचा प्रोग्राम लिहितो. मी दोघांना चड्डीत असल्यापासून ओळखते. विलासची आई, म्हणजे किशोरची आत्या, ती माझ्या माहेरच्या गल्लीतली, अमळनेरची. तिला सगळे अक्का म्हणतात.

किशोरने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि माझा फोन वाजला. विलास होता.

"ताई, किशोर आला असेल ना तिथं? त्याचीच फाईल बघा. माझ्यात काही नाही."

"तुला कसं कळलं तो आलाय?"

"अक्का म्हणाली."

इथे सांगायला हवं की हे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. किशोरच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्याला कारण. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत जितकी नावं असतात तितकी माणसं कधीकधी लग्नाला येत नाहीत. विनीत, निमंत्रक, स्नेहांकित, प्रेषक, आणि सगळ्यात शेवटी व्यवस्थापक. विलासला वाटलं होतं आपण निमंत्रकांत असू. तो छापला गेला व्यवस्थापकांत, एका ट्रॅक्टर एजन्सीच्या खाली. व्यवस्थापक म्हणजे पाण्याचे जार आले का ते बघणारा. किशोर म्हणाला, पत्रिकेत वर जागाच उरली नव्हती. विलास म्हणाला, मनात जागा नव्हती म्हण. तेव्हापासून अबोला. पण कारखाना एकच, प्रोग्रामही एकच. मग निरोप कसे जायचे? धुळे आणि जळगावच्या मधोमध अमळनेर आहे आणि अमळनेरला अक्का आहे. विलास अक्काला सांगायचा, अक्का किशोरला. तसंच उलट. जगात मोठमोठ्या कंपन्या या कामासाठी महागडी व्यवस्था उभी करतात. यांच्याकडे अक्का आणि तिचा बटणांचा फोन.

"काय अडलंय एवढं?" मी किशोरला विचारलं.

"पेटी बोलायला पाहिजे, ताई. डीलरने सांगितलंय, रब्बीच्या आत बोलणारी पेटी द्या, नाहीतर मी दुसऱ्याची ठेवतो. तो गेला की झालं. विलास शेड घेईल, मी नाव घेईन. वाटणी."

"आणि अक्का?"

"अक्काला थोडीच वाटून घेता येतं," किशोर म्हणाला. तेव्हा मला कळलं की मी कंपायलर दुरुस्त करणार आहे ते कशासाठी. हा कारखाना म्हणजे त्या दोन घरांमधली उरलेली एकच वाट होती आणि ती बंद व्हायला आली होती.

पेटीचं बोलणं म्हणजे आवाज, आणि आवाज चिपमधली जागा भसाभस खातो. त्यातून आवाज कोणाचा यावरही भांडण झालं होतं. किशोरचा विलासला नको, विलासचा किशोरला नको. शेवटी अक्काचा आवाज भरला. अमळनेरच्या स्वयंपाकघरात बसून अक्काने अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, तीन-चार वाक्यं म्हटली होती. 'लाईट नही शे.' 'पाणी नही शे, मोटर बंद करी दिनी.' आणि सगळं ठीक असेल तर, 'मोटर चालू शे. बठ्ठं बराबर शे.' पहिल्या वेळी मागे कुकरची शिट्टी आली म्हणून पुन्हा भरावं लागलं. अक्का चिडली होती, डाळीचा गाळ झाला म्हणून.

तर आता प्रोग्राम चिपमध्ये मावेना. म्हणून किशोरने कंपायलरची एक खास सोय चालू केली. तिला आम्ही एलटीओ म्हणतो. ती समजवायला मला खान्देशाबाहेर फार कष्ट पडायचे, इथे पडत नाहीत. हिवाळ्यात आपण शेतात भरीत पार्टीला जातो. प्रत्येक घर आपापलं सामान आपल्या घरी बांधतं, दुसऱ्याने काय घेतलंय ते न बघता. शेतात पोचल्यावर कळतं की तेलाचे पाच डबे आहेत आणि मीठ कोणीच आणलेलं नाही. साधा कंपायलर असाच. प्रत्येक फाईल वेगळी बांधतो आणि शेवटी सगळी गाठोडी एका गाडीत टाकतो. एलटीओ म्हणजे गाडी सुटण्याआधी सगळी गाठोडी एका अंगणात उघडायची, तेलाचा एकच डबा ठेवायचा, नको ते काढायचं आणि मग गाडी भरायची. सामान कितीतरी कमी होतं. अडचण एकच. गाठोडी उघडली की कोणी काय बांधलंय ते सगळ्यांना दिसतं.

तिथेच कंपायलर पडत होता. 'माझ्या आत काहीतरी बिघडलं आहे, कृपया कळवा,' एवढं बोलून गप्प.

आमच्या धंद्यात पडणाऱ्या प्रोग्रामला बारीक करणं हे पहिलं काम. हजारो ओळींचा प्रोग्राम घ्यायचा, त्यातला अर्धा कापायचा आणि बघायचं, अजून पडतो का. पडला तर कापलेला भाग निर्दोष. नाही पडला तर तो परत ठेवायचा आणि दुसरीकडून कापायचं. हे काम करायला हुशारी लागत नाही, चिवटपणा लागतो. मेथीची जुडी निवडायची सवय असलेली बाई हे काम कोणत्याही पदवीधरापेक्षा चांगलं करेल, असं मी पुण्यात एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं. कोणी हसलं नाही.

मी विलासच्या सगळ्या फाईली बाजूला केल्या. क्रॅश गेला. किशोर खुर्चीत ताठ बसला. "बघा. म्हटलं नव्हतं?"

मग विलासच्या ठेवल्या आणि किशोरच्या काढल्या. क्रॅश पुन्हा गेला. लगेच विलासचा फोन, कारण किशोरने मघाशी अक्काला कळवलं होतं आणि अक्काने पुढे. मी त्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी एकटा चांगला चालतो ना? हे जरा लिहून द्या."

दोघेही एकेकटे अगदी गुणी. एकत्र बसवले की पडापड. दोन दिवस मी कापत बसले. शेवटी दोन्हीकडच्या मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळी उरल्या, आणि मला ते दिसलं.

दोघांचे प्रोग्राम एकाच डब्यातून माहिती घेतात. मसाल्याचा डबा असतो ना, गोल, आत कप्पे, तसाच. पहिल्या कप्प्यात फेज, दुसऱ्यात करंट, तिसऱ्यात मोटर चालू की बंद. कुठला कप्पा कशाचा, याचं वर्णन दोघांनी आपापल्या फाईलमध्ये लिहिलं होतं. पहिले तीन अगदी सारखे. चौथ्या कप्प्यात विलासने लिहिलं होतं, पाणी आहे की नाही. किशोरने त्याच चौथ्या कप्प्यात लिहिलं होतं, पेटीने कुठल्या भाषेत बोलायचं.

समजा कंपायलर पडला नसता. पेटी तयार झाली असती, शेतात गेली असती. किशोरच्या प्रोग्रामने चौथ्या कप्प्यात 'अहिराणी' भरली असती आणि विलासच्या प्रोग्रामने तिथे बघून म्हटलं असतं, आहे की पाणी. विहीर कोरडी पडलेली, मोटर सुकी फिरून जळतेय, आणि शेतकऱ्याच्या कानात अक्का गोड आवाजात सांगतेय, बठ्ठं बराबर शे.

मी विलासला फोन केला. "चौथा कप्पा कोणाचा?"

"माझा. पाण्याचा. मी किशोरला कळवलं होतं, त्याने मान्य केलंय."

"कोणी सांगितलं?"

"अक्काने."

किशोर त्या दिवशीही येऊन समोर बसला होता. त्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "माझा. भाषेचा. मी विलासला पाचवा घ्यायला सांगितला, तो हो म्हणाला."

"तुला कोणी सांगितलं?"

मला उत्तर माहीत होतं. त्याला घरी पाठवलं आणि अमळनेरला फोन लावला.

अक्का आधी जेवणखाण, मुलंबाळं विचारत राहिली. मी कप्प्याचा विषय काढल्यावर म्हणाली, "माय, त्या दोन्हीसना निरोप आइक एकदा. विलास म्हनस, त्याले सांग, मन्ह्या कप्प्याले हात लावू नको. किशोर म्हनस, त्याले सांग, तुले काही समजस नही. अशा निरोप मी कशा सांगू? मी दोन्हीसले सांगी दिनं, तो हा म्हनस, बठ्ठं बराबर शे."

"सगळ्याच निरोपांना 'हो'च?"

"मंग काय. दोन वरीस व्हयनात, एक दिन भांडनं नहीत." मग आवाज बारीक करून म्हणाली, "शैला, तू कोनले सांगू नको वं. त्यासले समजनं ते मन्हावर कोन इस्वास ठेवी?"

मी सांगणार नाही, असं तिला म्हटलं. ते म्हणायला नको होतं, पण अक्काने माझ्या लग्नात माझ्या हातावर मेंदी काढली होती. तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

आता कंपायलरकडे वळले. कारण प्रोग्रामात चूक असली तरी कंपायलरने पडायचं नसतं, हा आमच्यातला धर्म आहे. समोरून कितीही वेडंवाकडं आलं तरी त्याने शुद्धीवर राहून काय चुकलंय ते सांगायचं. ज्या ओळीवर तो पडत होता तिथे कोणीतरी फार पूर्वी टीप लिहून ठेवली होती, 'दोन्हीकडची वर्णनं जुळतातच, ते आधीच तपासलेलं आहे.' मी शोधलं. आधी कोणीच तपासलेलं नव्हतं. आधीच्या टप्प्यावर लिहिणाऱ्याला वाटलं होतं पुढे तपासतील. अमळनेर एकटंच नव्हे, अशी अमळनेरं जगभर आहेत, हे बघून मला जरा बरं वाटलं.

दुरुस्तीचे मार्ग दोन होते. पहिला सोपा. वर्णनं जुळली नाहीत तर तो कप्पा सोडून द्यायचा, गुपचूप पुढे जायचं. क्रॅश जातो, पेटी तयार होते, डीलर खूश, अक्का खूश. दुसरा, पडायचं नाही, पण मोठ्याने सांगायचं, की या फाईलच्या या ओळीत हे लिहिलंय आणि त्या फाईलच्या त्या ओळीत ते. म्हणजे अक्काचं बिंग फुटणार.

माझी दुरुस्ती तपासणारा गृहस्थ कुठल्यातरी बर्फाळ देशात राहतो. आम्ही कधी भेटलेलो नाही, नुसतं लिहून भांडतो. त्याचं मत पहिल्या मार्गाचं. 'प्रवचन द्यायची ही जागा नव्हे,' असं त्याने लिहिलं. म्हणजे अक्का, डीलर आणि बर्फातला गृहस्थ, तिघेही एका बाजूला. मीच एकटी कटकटी. मी त्याला मोटर, विहीर आणि अक्काच्या आवाजाची सगळी हकिगत लिहिली. त्याने 'बठ्ठं बराबर शे'चा अर्थ विचारला. मी सांगितला. तासाभराने त्याचं उत्तर आलं, 'सूचना ठेवा.'

खरं सांगायचं तर मला गप्प बसायचा मोह झाला होता. पण सगळ्यांना बरं वाटावं म्हणून गप्प बसणारा कंपायलर मी माझ्या हाताने लिहिला असता, तर पुढे नानांचा रिमोटही हातात घ्यायची मला लाज वाटली असती.

पहिली दुरुस्ती सपशेल फसली. मी लावलेली अट फारच कडक होती. एका फाईलने नुसतं 'असा एक डबा असतो' एवढंच लिहिलं आणि दुसरीने कप्प्यांचं पूर्ण वर्णन केलं, तरी माझा कंपायलर भांडायला उभा. आमच्याकडे जुन्या टेस्टचा भलामोठा ढीग आहे. कंपायलरमध्ये काहीही बदललं की तो सगळा ढीग त्याच्यावर चालवायचा. माझ्या दुरुस्तीनंतर पडदाभर लाल. कधीच कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या प्रोग्रामांनाही मी चोर ठरवलं होतं. बर्फातल्या गृहस्थाने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. त्याच्या हसण्याचा मला राग आला आणि मी दुपारचा चहा न घेता कामाला बसले. एकाचं वर्णन अपुरं असेल तर ते भांडण नव्हे, दोन्ही पुरी असून वेगळी असतील तरच भांडण, एवढा विवेक कंपायलरला शिकवला आणि लाल हिरवं झालं.

मग नवी टेस्ट लिहिली. टेस्ट लिहिण्यातली गोम अशी, की ती आधी जुन्या कंपायलरवर चालवायची आणि तिथे ती पडलीच पाहिजे. जी टेस्ट कधी पडतच नाही ती टेस्ट नव्हे, शोभेची वस्तू. माझी टेस्ट दोन चिमुकल्या फाईलींच्या भांडणाची. नावं द्यायची होती, मी एकीचं ठेवलं धुळे आणि दुसरीचं जळगाव. दोघींना एकत्र बांधणाऱ्या तिसऱ्या फाईलचं नाव अमळनेर. गृहस्थाने विचारलं, या नावांचा अर्थ काय. मी लिहिलं, दोन शहरं आणि मधलं एक स्टेशन. त्याचं समाधान झालं. ती टेस्ट आता त्या ढिगात आहे. जगात कुठेही कोणी या कंपायलरला हात लावला की धुळे आणि जळगाव एकदा भांडतात आणि अमळनेर ते सांगतं. मला याचा फार अभिमान आहे, इतका की माझ्या नवऱ्याला ही गोष्ट आता पाठ झालीय.

नवा कंपायलर दोघांना पाठवण्याआधी मी एसटीने अमळनेरला गेले. अक्का ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "अक्का, मी कोणाला सांगितलेलं नाही. पण आज संध्याकाळी मशीन सांगेल. दोघांना दोन्ही ओळी दिसतील. मग ते तुला फोन करतील."

अक्का सूप थांबवून माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले. "दोन घर मी धरी ठेयेल व्हतात," ती म्हणाली.

"कारखानाच गेला तर काय धरशील?"

तिने पुन्हा पाखडायला घेतलं. पाखडता पाखडता म्हणाली, "मंग मी आज फोनच उचलस नही." आणि उठून फोन पोळ्यांच्या डब्यात ठेवला, वर झाकण.

मी तिथूनच नवा कंपायलर पाठवला आणि संध्याकाळी धुळ्याला आणि मेहरूणला दोन्हीकडे पेटीचा प्रोग्राम तयार झाला. पडला नाही. पडद्यावर सूचना आली, दोन फाईली, दोन ओळी, चौथा कप्पा. दोघांनी अक्काला फोन लावला. डब्यात वाजत राहिला. पुन्हा लावला. विलासने मग मला लावला, मीही उचलला नाही. मी अक्काच्या शेजारीच बसले होते आणि तो डबा वाजताना आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. विलासने किशोरला फोन केला. दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, ना कसा आहेस ना काही, "चौथा कप्पा कोणाचा?" किशोर म्हणाला, "अक्का तर म्हणाली, तू हो म्हणालास." विलास म्हणाला, "मलाही तेच म्हणाली." मग कप्प्यावरून भांडण, कप्प्यावरून पत्रिका, पत्रिकेवरून ट्रॅक्टर एजन्सी. खूप वेळ. शेवटी किशोरने भाषेला पाचवा कप्पा घेतला आणि विलासने, म्हणे, पत्रिकेचा विषय 'तात्पुरता' मिटवला. पेटी रब्बीच्या आत बोलली. वाटणी झाली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण थंडीत मी माहेरी गेले तेव्हा अक्का ओट्यावर नुसती बसलेली होती. फोन शेजारी, चार्जिंग पूर्ण. मी विचारलं, "काय म्हणतायत तुझे दोघे?"

"दोन्ही चांगला बोलतस. रोज बोलतस," ती म्हणाली. "आते मले कोनी फोन करस नही."

मला फार वाईट वाटलं. ज्या अंगणात मी गाठोडी उघडायला लावली, त्या अंगणातून मीच तिला उठवून लावलं होतं. मी जे केलं ते बरोबरच होतं आणि तरीही मला वाईट वाटलं, इतकंच.

जळगावला येऊन मी दोघांना एका कॉलवर घेतलं आणि मोठ्या गंभीरपणे सांगितलं की तुमची तपासणी अपुरी आहे. कंपायलरची टेस्ट मशीन करतं, पेटीची टेस्ट माणसाने करायला पाहिजे. अक्काच्या ओट्यावर एक पेटी लावा, पाण्याच्या टाकीत एक लहान मोटर सोडा. नवा प्रोग्राम आला की अक्का फोन करून ऐकेल. अक्का पास म्हणेपर्यंत माल हलवायचा नाही. दोघांनी मान डोलावली. कंपायलरवाल्या बाईला नाही म्हणायची त्यांची हिंमत उरली नव्हती.

पुढचे दोन-तीन प्रोग्राम अक्काने पास केले. तिच्या भाषेत ते तीन शब्दांत होतं, ते तुम्हाला आता माहीत आहेच. मग एका सकाळी मला विलासचा फोन आला, "ताई, अक्काने पेटी नापास केली." पाठोपाठ किशोरचा, तेच. मला जुनी सवय. मी दोघांनाही विचारलं, "अक्का नक्की काय म्हणाली, शब्दन् शब्द सांग." दोघांनी सांगितलं ते वाक्य एकच निघालं. "पेटी खोटं बोलस. दोन्ही मिळीसन या."

रविवारी दोघे बायकामुलांसह अमळनेरला गेले. मलाही बोलावलं. टाकी रिकामी होती, अक्काने सगळं पाणी झाडांना घातलं होतं. विलासने पेटीला फोन लावला. टाकीत थेंब नाही आणि पेटी अक्काच्या आवाजात सांगत होती, बठ्ठं बराबर शे. दोघे पेटी उघडून बसले, डोक्याला डोकं लावून. थोड्या वेळाने विलास ओरडला, "पाण्याच्या सेन्सरची वायरच नाही." किशोर म्हणाला, "वायर तुटली की पेटीने गप्प बसायचं का? शेतात उंदीर वायरी खातात. इथे काहीतरी बोललं पाहिजे." आणि मग, माझ्या देखत, दोघांनी ओट्यावरच पाचव्याच्या पुढचा सहावा कप्पा कशाचा असावा यावर वाद घालायला सुरुवात केली.

चूक खरी होती, मोठी होती आणि आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. मी हात धुवायला आत गेले. खिडकीत, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, एक वायर होती. नीट गुंडाळलेली, वर रबर लावलेलं. उंदीर इतक्या निगुतीने काम करत नाहीत.

मी वायर हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. अक्का भाकरी थापत होती. बाहेर दोघे भांडत होते, मुलं टाकीभोवती धावत होती. तिने वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

"अक्का, ही कोणी काढली?"

"तू जेवाले बस," अक्का म्हणाली. "बठ्ठं बराबर शे."